वहीची मागची पानं

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी मुलगी वीस वर्षांची आहे. नवी मुंबईत खाडीकाठच्या एका गावठाणात राहते आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जाहिरात सोडून पत्रकारिता तिने स्वतःहून घेतली. ती लिहिते, ‘वर्गातल्या मुली कॅमेऱ्यासमोर फाडफाड बोलतात. मला पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्यात बघून बातमी सांगणं, करताना घाम फुटतो. इंग्रजी कच्चं आहे आणि मराठी बोलताना मध्येच घरची बोली येते, तेव्हा मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज येतो. एका क्लासवाल्यांनी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा तीन महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी १८,००० रुपये. एका यूट्यूब चॅनेलची सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप मिळतेय, पण रोज अंधेरीला जावं लागेल. बाबा रबाळ्याला कंपनीत आहेत. ते म्हणतात, हे सगळं सोड आणि सरकारी परीक्षांना बस. मला आधी स्वतःला घडवायचंय. पत्रकाराला लागतो तो धीटपणाच माझ्यात नाही. मी कोर्स करू, इंटर्नशिप करू की बाबांचं ऐकू?’

खाली ताजा कलम आहे. तिची आजी मासळी विकते. भाऊच्या धक्क्यावरून आजीने माल काय भावाने आणला आणि कितीला विकला, हे ती गेल्या दिवाळीपासून रोज रात्री वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. ‘हा आपला माझा टाइमपास,’ असं म्हणून तिने सही केली आहे.

---

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली वाचलं तेव्हा ते आजवर मला आलेल्या अशा पंधरा-वीस पत्रांसारखंच वाटलं. दुसऱ्यांदा ताजा कलमापासून उलटं वाचत गेले आणि हसू आलं. कागदभर ‘मी पत्रकार होण्याच्या लायकीची नाही’ असं सांगून शेवटी तू नऊ-दहा महिन्यांच्या नोंदी पुढ्यात ठेवल्यास, आणि त्यांना टाइमपास म्हणालीस.

तू तीन पर्यायांतला एक निवडून मागितला आहेस. त्यांच्याकडे येतेच. पण त्याआधी तू एक क्रम ठरवून टाकला आहेस, त्याबद्दल बोलू : आधी व्यक्तिमत्त्व घडवायचं, मग पत्रकार व्हायचं. हा क्रम तुला कोणी सांगितला? आजी पहिल्यांदा धक्क्यावर गेली तेव्हा आधी धीट झाली आणि मग लिलावात शिरली, असं झालं असेल का? विचारून बघ एकदा. मला वाटतं ती सांगेल, पहिल्या दिवशी कोणा मावशीच्या पदराला धरून उभी होते, भाव फुटला तरी कळला नाही आणि महागात माल घेऊन आले.

दुसरं, पत्रकार म्हणजे धीट, हे चित्र चॅनेलचा बूम माईक हातात धरलेल्या माणसाचं आहे. तो या धंद्याचा एक तुकडा झाला. त्याच्यामागे डेस्क असतं, तिथे आलेल्या कॉपीतला, म्हणजे बातमीदाराच्या मजकुरातला, आकडा बघून ‘हे शक्यच नाही’ म्हणणारी उपसंपादक बसलेली असते. कोर्टात दिवसभर मागच्या बाकावर बसून नोंदी घेणारे असतात. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं उलटणारे असतात. मी ठाण्यात शिकाऊ बातमीदार होते तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या बातम्या ज्यांच्या असत, ते गृहस्थ तासात चार वाक्यंही बोलत नसत. चहाच्या टपरीवर बसायचे, समोरच्याकडे बघत राहायचे. ती शांतता समोरच्याला सहन व्हायची नाही आणि तोच बोलायला लागायचा. मी मात्र बडबडी. माझ्यासमोर लोक माझंच ऐकून घरी जायचे.

म्हणून माझी एक गोष्ट सांगते. फार अभिमानाची नाही. मी बावीसची होते, एका छोट्या दैनिकात लागून चार महिने झाले होते. रात्री साडेनऊला खबर आली की तलावात बुडून एक तरुण गेला. पोलीस ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदाराने घाईघाईत दोन नावं सांगितली, एक मृताचं आणि एक खबर देणाऱ्या त्याच्या भावाचं. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. माझ्या हातून नावांची अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भाऊ ऑफिसात आला. ओरडला नाही. अंक उलगडून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘मॅडम, मी आहे अजून. सकाळपासून लोक आईला विचारतायत, दुसरा पण गेला का?’

कॉलेजात वक्तृत्वाच्या पाच ढाली मिळवलेली मी. त्या दुपारी मला एक धड वाक्य बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापली. त्यानंतर नाव दोनदा विचारल्याशिवाय, आणि समोरचा हाताशी असेल तर लिहून त्याला दाखवल्याशिवाय, मी बातमी पुढे दिली नाही. कॉलेजच्या वयात ज्याला आपण व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो, त्यातलं पुढे माझ्या उपयोगी पडलं ते एवढंच, आणि तेही कॉलेज संपल्यावर, दुसऱ्याच्या दुःखावर चूक करून शिकले. तुला ते आत्ताच शिकता येईल.

तुझ्या लाजरेपणाकडे याच बाजूने बघ. कॅमेऱ्यासमोर अडखळलीस तर फार तर वर्ग हसेल. पण ‘पुन्हा सांगता का, नीट ऐकू आलं नाही’ हे म्हणायला लाजलीस तर नाव चुकेल. लाज घालवायची ती इथली. त्यासाठी क्लास नको. आठवड्यातून एकदा, अनोळखी माणसाला एक प्रश्न आणि त्यावर एक उपप्रश्न, एवढं पुरे. बाजारात आजीच्या शेजारी बसणाऱ्या मावशीपासून सुरुवात कर. नाव, वय, कुठल्या गावच्या, किती वर्षं बसतात. घरी येऊन लिहून काढलंस की कळेल की काय विचारायचं राहिलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. हे पुन्हा जाणं सगळ्यात जड जातं. पहिल्यांदा पायात गोळे येतात, दहाव्यांदा मावशीच म्हणते, ‘आलीस का, बस.’

आता वही. मला तिच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

ती वही म्हणजे नुसता हिशोब नाही. तुझ्या नोंदी दिवाळीपासूनच्या आहेत. म्हणजे त्यात मार्गशीर्षातले गुरुवार आले. त्या दिवशी गिऱ्हाईक किती घटतं, हे तुझ्याकडे आकड्यांत आहे. गटारीच्या आधीचा रविवार आला आणि त्यानंतरचा श्रावणही आला. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आजीच्या टोपलीत काय होतं? सुकट, सुके बोंबील? खाडीतल्या चिंबोऱ्या, निवट्या? बंदीच्या दोन महिन्यांत मासे विकणाऱ्या बाईचं घर कशावर चालतं, या प्रश्नाचं एका घरापुरतं उत्तर तुझ्या त्या मागच्या पानांवर आहे. एका घरावरून बातमी होत नाही, हे खरं. पण शेजारच्या चार मावशींनी तसाच हिशोब सांगितला तर होते.

नोंदीत काय वाढवायचं तेही सांगते. बर्फाचे पैसे. टेम्पोतला आजीचा वाटा. संध्याकाळी उरलेला माल आणि त्याचं काय झालं. खरेदी-विक्रीतला फरक म्हणजे नफा, असं वर्गात बसून वाटतं. मधले हे तीन आकडे टाकलेस की तो नफा डोळ्यांदेखत वितळतो.

आणि खाडी. तुझ्या घरामागे जी आहे ती. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून लोक बोटीत बसून रोहित पक्षी बघायला जातात. त्यावर दर वर्षी गुलाबी फोटोंसकट मजकूर येतो, मीही लिहिला आहे. त्याच चिखलात गुडघाभर उतरून निवट्या धरणाऱ्या बाईला खाडीबद्दल काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही. तुला विचारायला उंबरठाही ओलांडावा लागणार नाही.

आजीला भरतीचं गणित येत असेल. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला तिनाने गुणतात, चाराने भागतात, आणि भरतीची ढोबळ वेळ सांगतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पंधरा दिवस आजीने सांगितलेली वेळ लिही आणि शेजारी भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकातली वेळ लिही. कुठे किती फरक पडला? खाडीत आत आल्यावर वेळ सरकते का? हा खेळ वाटेल, पण आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाचं म्हणणंसुद्धा तपासायचं आणि तरी त्याचा मान राखायचा, ही सवय त्यातून लागते. पुढे एखादा नेता, एखादा डॉक्टर, एखादी आई तुला ठामपणे काहीतरी सांगेल तेव्हा हीच सवय कामाला येईल.

एक पथ्य पाळ. आजी तुझी आहे म्हणून तिच्या कमाईचे आकडे परस्पर छापायचे नाहीत. तिला वाचून दाखव, विचार. शेजारणींच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घे. कोणाचा किती धंदा होतो हे उघड झालं तर व्याजाने पैसे देणाऱ्यापासून जावेपर्यंत सगळ्यांचे कान टवकारतात. फोटोही विचारूनच. आणि लेख झालाच तर त्यात स्पष्ट लिही की यातली एक बाई माझी आजी आहे. लपवलंस तर ती लबाडी होईल. सांगितलंस तर वाचक उलट जास्त विश्वास ठेवतो.

मासळी बाजारात ओटे किती, परवाने किती, अशी माहिती लागली तर आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर बघ. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती कोणी न मागताच त्यांनी द्यायची असते. नसेल तर अर्ज कर. १० रुपये शुल्क, महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तर ३० दिवसांत अपेक्षित. ‘असं का केलं नाही?’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर मिळत नाही. यादी माग, ठरावाची प्रत माग, नोंदवहीतली पानं माग. १५० शब्दांत नेमकं मागायला शिकणं हा लेखनाचा जो वर्ग आहे, तो कोणत्याही कोर्सपेक्षा स्वस्त पडतो.

आता कोर्स. क्लासवाल्यांना एवढंच विचार : आज मला येत नाही असं नेमकं काय मला तीन महिन्यांनी येईल? उत्तर ‘कॉन्फिडन्स’ असं आलं तर १८,००० रुपये घरी ठेव. आवाजासाठी रोज दहा मिनिटं एक बातमी मोठ्याने वाच, फोनवर रेकॉर्ड कर, ऐक. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज सहन होत नाही, कोणालाच होत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या नुसत्या विचाराने झोप उडत असेल, छाती धडधडून कॉलेज बुडत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नकोस. कॉलेजच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेट.

पैसे न घालता एक गोष्ट नक्की शीक : युनिकोडमध्ये झरझर मराठी टाइप करणं, जमलं तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. डेस्कवर नव्या मुलीची पहिली परीक्षा तीच असते आणि त्यात फाडफाड बोलणाऱ्या अनेकजणी आपटतात.

इंग्रजीचा न्यूनगंड मात्र मला खरंच कळत नाही. म्हणजे कळतो, पण चुकीच्या जागी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, तेव्हा ते विशीतलेच होते, साधारण तुझ्याच वयाचे. त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी असे. मराठी पत्रकारिता जन्मली तीच दोन भाषांत पाय ठेवून. तेव्हा इंग्रजी हवंच, पण कशासाठी? न्यायालयाचे निकाल, अहवाल, कंपन्यांची कागदपत्रं वाचण्यासाठी. रुबाबदार उच्चारांसाठी नव्हे. रोज एक इंग्रजी बातमी घे आणि १५० शब्दांत मराठीत सांग. सहा महिन्यांत फरक दिसेल. आणि गंमत म्हणून एखादा शासन निर्णय वाच. ‘उपरोक्त प्रकरणी सदर बाब’ ही मराठीसुद्धा तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना परकीच असेल. तो निर्णय आजीला तिच्या बोलीत समजावून सांग. तिला कळला तर तुला कळला.

बोलीला हसणाऱ्यांचं काय करायचं? काही नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला उद्या खाडीकाठी बातमीसाठी पाठवलं तर त्याच्या पुस्तकी मराठीपुढे बायका ‘हो साहेब, नाही साहेब’ करतील आणि गप्प बसतील. प्रमाण मराठी लिहिताना हवी, ती पक्की कर. पण आजीचं वाक्य अवतरणात येईल तेव्हा ते इस्त्री करून टाकू नकोस.

इंटर्नशिपबद्दल मला शंका आहे. ऐरोली-घणसोलीकडून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे, तिथून घाटकोपर, मग मेट्रोने अंधेरी. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास तरी गेले, वर शेवटचं वर्ष आणि ७५ टक्के हजेरीची अट. त्यांना विचार, माझी कॉपी कोण तपासणार? मला बाहेर पाठवणार की दुसऱ्यांच्या बातम्या फिरवून लिहायला बसवणार? नाव देणार का? प्रवासखर्च? यातल्या निदान दोन प्रश्नांना सरळ उत्तर आलं तर सुट्टीतले सहा-आठ आठवडे दे. चालू वर्षातले सहा महिने नको. त्यापेक्षा ठाण्यातली किंवा नवी मुंबईतली छोटी दैनिकं, साप्ताहिकं बघ. तिथे पगार नावालाच असतो, पण माणसं कमी असल्याने महासभेपासून नाट्यप्रयोगापर्यंत सगळीकडे पाठवतात. आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी लोक पत्ता शोधत येतात, ते वर सांगितलंच.

मधल्या मोकळ्या तासात ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बस. १८९३ पासूनची संस्था आहे. एकच बातमी तीन वृत्तपत्रांत वाचायची आणि कोणी काय गाळलं ते टिपायचं. बाकीच्या मुली रील टाकतात तेव्हा पोटात खड्डा पडतो, हे तू लिहिलं नाहीस, पण पडत असणार. पडू दे. त्यातल्या काहीजणी खरंच चांगलं काम करत असतील, त्यांच्याशी मैत्री कर. तुला पीटीसी कोणीतरी शिकवायला हवं आणि त्यांना कोणीतरी बाजारात न्यायला हवं.

राहिले बाबा. त्यांची भीती खोटी नाही. सुरुवातीला या धंद्यात पगार कमी असतो आणि अनेकदा उशिरा होतो, नोकऱ्याही एका रात्रीत जातात. हे त्यांच्यापासून लपवून त्यांना पटवायला जाऊ नकोस. मुदत ठरवा : पदवी, त्यानंतर एक वर्ष. तेवढ्यात स्वतःचा खर्च निघेल असं काही जमलं नाही, तर परीक्षेचा विचार करू, असं शब्दावर सांग. भाषांतर, मुद्रितशोधन, उपशीर्षकं अशी कामं येत असतील तर त्या वर्षात हात तंग होत नाही. राज्यघटना, महापालिकेचा कारभार, अर्थसंकल्प हे तुला पत्रकार म्हणूनही वाचावंच लागणार आहे, तेव्हा परीक्षेची दोन-चार पुस्तकं घरात आली तर बिघडत नाही. पुढे शिकायचं ठरलं तर मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात. प्रवेशाच्या तारखा त्या त्या वर्षी त्यांच्याकडूनच घे.

आजी बाबांची आई आहे का? असेल तर ती वही एकदा त्यांच्या हातात दे. काही समजावू नकोस, फक्त दे. त्या टोपलीवर वाढलेला माणूस ते आकडे माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा नीट वाचेल. एखादा भाव तू चुकीचा लिहिला असशील तर तोही तेच सांगतील.

आणि एक शंका, संपादकाच्या सवयीने. नमुना म्हणून तू पत्रात एका दिवसाची नोंद उतरवली आहेस : ‘बोंबील आणले १२०, विकले २००.’ कशाचे? किलोचे की वाट्याचे? धक्क्यावर आजी पाटीने घेत असेल आणि गावात वाट्याने विकत असेल, तर हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. एका पाटीत किती वाटे बसतात, ते आज रात्री आजीला विचार. एकदा सांगितल्यावर पुन्हा विचार.